पार्टीने नगरसेवकपदासाठी विचारलंय, मी पॅरिश कौन्सिलवर (चर्चच्या समितीवर) आहे. श्रद्धा, देशप्रेम आणि राजकारण एकत्र कसं सांभाळायचं?

जांभळी_छत्री

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आलीय. मी मरोळ गावठाणातली, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या कॅथलिकांपैकी. घरात मराठी, मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठी, रोझरी मराठी, फक्त शाळा तेवढी कॉन्व्हेंटची. नवरा वसईकडचा, मुलगी पहिलीत. पॅरिश कौन्सिलवर आहे, आमच्या गल्लीचं बघते, म्हणजे कोणी आजारी असेल तर फादरना कळवायचं, पावसाळ्याआधी एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या छपरावर ताडपत्री पडली का बघायचं, असली कामं.

तर झालं असं की मागच्या पावसाळ्यात गटाराचं पाणी घराघरात शिरत होतं तेव्हा मी आणि शेजारच्या बायका मिळून वॉर्ड ऑफिसच्या मागे लागलो, अर्ज, फोटो, परत अर्ज, सायबाची वाट बघत बाकड्यावर बसणं, शेवटी नवीन लाइन पडली. तेव्हापासून गावठाणातली माणसं प्रॉपर्टी कार्डाचे कागद घेऊन पण माझ्याकडेच यायला लागली. हे एका पार्टीच्या लोकांनी बघितलं आणि आता महापालिकेच्या निवडणुकीचं वारं सुरू झाल्यावर विचारणा आली, सोडतीत वॉर्ड महिलांसाठी राखीव पडला तर उभ्या राहाल का म्हणून. पार्टीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा त्याच्यावरच जाईल. इथली त्यांची पोरं चांगली आहेत, कोरोनात रात्री-बेरात्री धावलीत, आमच्या घरी पण. पण त्याच पार्टीचे मोठे नेते बाहेर कुठे कुठे भाषणं करतात त्यात ख्रिश्चन म्हणजे धर्मांतरवाले असा सूर असतो, ते ऐकलं की पोटात कालवतं.

घरात दोन तट पडलेत. आई म्हणते राजकारण म्हणजे चिखल, तू देवाचं काम करतेस तेवढं पुरे. पप्पा म्हणतात आपले लोक सगळीकडे मागे मागे राहतात म्हणून आपल्या गावठाणांची ही गत झाली, उभी राहा. कौन्सिलवरच्या एक-दोन जणी तर बोलायच्याच बंद झाल्यात.

ऑफिसात वेगळंच. परवा जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी सहज म्हणाली, तुमचं बरं असतं ना, फादर सांगतील त्याला सगळे मिळून मत. मी म्हटलं अगं आमच्या घरात चार मतं चार पार्ट्यांना जातात, पण तिला ते खरंच वाटेना. १५ ऑगस्टला ऑफिसात झेंडावंदन झालं की भारतमाता की जयची घोषणा होते तेव्हा दोन-तीन माना माझ्याकडे वळतात, ही म्हणते का बघायला. मी म्हणते, मोठ्याने म्हणते, मला मनापासून म्हणायचीच असते. पण तपासलं जातंय हे कळल्यावर तोंडातला शब्द कडू होतो.

आणि चर्चच्या ग्रुपवर अमेरिकेतले व्हिडिओ येतात, कॅथलिक माणसाने अमक्या एका मुद्द्यावरच मत द्यायचं, नाहीतर पाप. ते ऐकून मी आमच्या वॉर्डाकडे बघते तर इथे मुद्दे गटार, पाणी, फेरीवाले आणि दफनभूमीची जागा.

शिवाय उभी राहिले तर गणपती मंडळात जावं लागणार, आरतीचं ताट हातात येणार, नारळ फोडायला बोलावणार. आत्ता मी शेजारीण म्हणून जाते, प्रसाद घेते, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण उमेदवार म्हणून जाणं म्हणजे मतांसाठी जाणं, मग ते त्यांच्या देवाशी पण खोटं आणि माझ्या देवाशी पण खोटं असं वाटतं.

चर्च म्हणतं तरी काय नेमकं, आणि तुम्ही स्वतः कसं सांभाळता? खरं खरं सांगा.

माझगावचा_जुना_रहिवासी

पोरी, पहिलं म्हणजे तुझ्या ऑफिसातल्या बाईला एकदा माझगावच्या डोंगरावरच्या बागेत घेऊन जा. जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. वर बसलं की गोदी दिसते, खाली रेल्वे. तिथे रोज फिरायला येणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे की हे काका बाप्टिस्टा माथारपाखाडीत जन्मलेले, आपल्यातलेच ईस्ट इंडियन कॅथलिक, बॅरिस्टर, लोकमान्य टिळकांचे जवळचे मित्र. १९१६ साली स्वराज्य मागणारी टिळकांची होमरूल लीग निघाली तिचे पहिले अध्यक्ष हेच. १९२० ला आयटक ही कामगार संघटना स्थापन झाली तिच्या उभारणीत हे होते, आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. म्हणजे तुला आज ज्या सभागृहात जायला विचारतायत तिथे आपला माणूस शंभर वर्षांपूर्वी सगळ्यात वरच्या खुर्चीवर बसून आलाय.

आता ह्याच्या आधीचं पण सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा आपल्या लोकांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. रेल्वेत आणि सरकारी हापिसात नोकऱ्या मिळवायच्या होत्या, गोव्याकडून मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, इथले मूळचे, हे साहेबाला दाखवायचं होतं. मी त्यांना नावं ठेवत नाही, पोटाचा प्रश्न होता. पण त्याच समाजातला एक माणूस तीसेक वर्षांत त्याच साहेबाला सांगतो की आमचं राज्य आम्हाला द्या. तेव्हा समाजातल्या किती जणांना ते पटलं असेल? सरकारशी निष्ठा आणि देशावर प्रेम ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे काकांना कळलं होतं, आणि ते कळायला त्यांना चर्च सोडावं लागलं नाही. आज जे कोणी सरकारवर टीका केली की देशद्रोही म्हणतात त्यांना पण हेच लागू, आणि आपल्यातले जे सरकार कुठलंही असो त्याच्या पुढे पुढे करतात त्यांना पण.

तुम्ही पोर्तुगीजांचे असं कोणी म्हटलं तर चिडू नकोस, शांतपणे सांग, १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज बोटीत बसून गेले, आम्ही कुठे गेलो? इथेच भात लावत राहिलो, मासे पकडत राहिलो, मिठागरं करत राहिलो. तुझ्या मरोळचंच बघ. सीप्झ उद्योगवसाहतीच्या आत ते पडकं चर्च आहे ना, १५७९ चं, त्याच्या भोवतीची सगळी जमीन सत्तरच्या दशकात उद्योगासाठी गेली. वर्षातून एकदा मे महिन्यात तिथे मिस्सा होते, गेटवर नाव लिहून, पास दाखवून आत जायचं. आपल्या पूर्वजांच्या चर्चमध्ये जायला पास. तरी लोक जातात, नवे कपडे घालून जातात, छत नसलेल्या भिंतींमध्ये उभं राहून देशासाठी प्रार्थना म्हणतात. असल्या माणसांना देशप्रेमाची परीक्षा कोण घेणार?

आणि एकगठ्ठा मतांचं म्हणशील तर १९६७ साली जॉर्ज फर्नांडिसांनी दक्षिण मुंबईत काँग्रेसच्या बड्या स. का. पाटलांना पाडलं. मंगळूरचा मुलगा, पाद्री व्हायला सेमिनरीत घातलेला, ते सोडून मुंबईत आला, टॅक्सीवाल्यांच्या, महापालिका कामगारांच्या युनियन बांधल्या. त्याला मतं दिली ती कामगारांनी, त्यात हिंदू होते, मुसलमान होते, सगळे होते. चर्च बघून कोण मत देतं.

उभी राहा असंच मी म्हणेन. पण कुठल्या पार्टीतून हा प्रश्न खरा आहे, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

संडेस्कूलवाली

ताई, मी वसईतल्या एका चर्चमध्ये रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते, तर तू विचारलंस की चर्च म्हणतं काय, त्याचं मला जमेल तसं सांगते.

देशप्रेमाचं शिक्षण चर्चने कुठल्या आज्ञेखाली घातलंय माहितीय? आईबापांचा मान राख, ह्या चौथ्या आज्ञेखाली. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात २२३९ व्या परिच्छेदात आहे की देशावरचं प्रेम आणि देशाची सेवा हे कृतज्ञतेचं कर्तव्य आहे. त्याच्या पुढच्याच परिच्छेदात कर भरणं, मतदान करणं, देशाचं रक्षण करणं ही नैतिक जबाबदारी म्हटलीय. म्हणजे टॅक्स चुकवणारा माणूस जयघोष कितीही मोठ्याने करो, त्याच्या पापनिवेदनात तो टॅक्स यायला हवा. मी मुलांना हे सांगते तेव्हा मागे बसलेले पालक जरा अस्वस्थ होतात आणि मला वाटतं व्हायलाच पाहिजेत.

पण त्याच ठिकाणी थोडं पुढे, २२४२ मध्ये, असं पण आहे की सत्तेचा हुकूम नीतीच्या विरुद्ध असेल तर तो न पाळणं हे सदसद्विवेकाचं कर्तव्य. प्रेषितांची कृत्ये ५:२९, माणसांपेक्षा देवाची आज्ञा पाळली पाहिजे. दोन्ही एकत्र वाचायचं. आईचा मान राखायचा म्हणजे ती खोटं बोल म्हणाली तर बोलायचं नाही, तसंच हे. संत थॉमस मोर इंग्लंडच्या राजाचा चॅन्सलर होता, राजाचं काम शेवटपर्यंत इमानाने केलं आणि जिथे विवेक आडवा आला तिथे पद सोडलं, १५३५ साली त्याचं डोकं उडवलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली त्यालाच राजकारण्यांचा आश्रयदाता संत म्हणून जाहीर केलं. तेव्हा तुझ्या आईला सांग, चर्चला राजकारण चिखल वाटलं असतं तर त्याला संत कशाला दिला असता. पोप फ्रान्सिसनी तर २०१३ च्या पत्रात राजकारण हे उदात्त पाचारण आहे, प्रेमसेवेच्या सर्वात वरच्या रूपांपैकी एक आहे असं लिहिलंय.

पक्षाचं पद किंवा सरकारी सत्तेचं पद घ्यायला बंदी आहे ती फादर लोकांना, कॅनन लॉ म्हणजे चर्चचा कायदा, त्यातलं कलम २८५ आणि २८७. प्रापंचिकांना नाही. उलट जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सांगितलं की संसार, व्यापार, राजकारण हे प्रापंचिकांचंच क्षेत्र, आणि देशावर प्रेम मोठ्या मनाने करा, पण संकुचित होऊ नका. म्हणून तुझ्या कौन्सिलवरच्या बायका बोलत नाहीत त्याचं कारण धर्मशिक्षणात शोधू नकोस.

ते अमेरिकन व्हिडिओ बंद कर बाई. गर्भपात चुकीचा ही शिकवण अमेरिकेत आणि मरोळमध्ये एकच आहे, त्यात वाद नाही. पण तिकडची पार्टीची मांडणी इकडे उचलून कशी लावणार, आपल्याकडे गर्भपाताला परवानगी देणारा १९७१ चा कायदा आहे आणि तो बदलायला निघालेली कुठलीही मोठी पार्टी मला दिसत नाही. नगरसेवकाच्या हातात प्रसूतिगृह आहे, दवाखाना आहे, एकटी अडलेली पोरगी तिथे आली तर तिला माणसासारखं वागवतात की नाही हे बघणं आहे. जीवाचा मान राखायचाय ना, मग हे काम कर. २०२४ मध्ये अमेरिकन निवडणुकीबद्दल पोपना विचारलं तेव्हा तेही एवढंच म्हणाले की दोन वाईटांतलं कमी वाईट निवडा आणि ते ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवा.

गणपतीचं. संत पौलाला हाच प्रश्न करिंथच्या लोकांनी विचारला होता, मूर्तीला वाहिलेलं अन्न खायचं का. त्याने सरसकट हो पण म्हटलं नाही आणि सरसकट नाही पण नाही, तुझ्या खाण्याने दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागते का ते बघ म्हणाला. मी शेजारच्या मंडळात जाते, भाज्या चिरायला बसते, आरती सुरू झाली की बाजूला आदराने उभी राहते, ताट हातात घेत नाही. आमच्या मंडळातल्या वहिनींना हे माहितीय, त्या ताट मला न देता पुढच्या बाईला देतात, कोणाला काही वाटत नाही. पहिल्याच वर्षी हसून सांगून टाकायचं. नंतर सांगायला गेलीस की मग तो अपमान वाटतो.

मंडळाचा_खजिनदार

मी कॅथलिक नाही, अंधेरीतल्या एका जुन्या चाळीतल्या गणेशोत्सव मंडळाचा हिशेब बघतो. आधी विचार केला ह्यात आपण कशाला बोला, पण ताईंनी मंडळाचं लिहिलंय म्हणून लिहितो.

आमच्या मंडळात अनेक वर्षं पावती पुस्तकाचं काम एक कॅथलिक काका करायचे. आरतीला ते गच्चीच्या जिन्यात बसून राहायचे, आरती संपली की खाली येऊन वर्गणीचे पैसे मोजायचे. दहा-दहाच्या नोटा वेगळ्या, चिल्लर प्लास्टिकच्या डब्यात, प्रत्येक पावतीच्या मागे पेन्सिलने टिक. कोणी कधी त्यांना आरतीला का नाही असं विचारलं नाही, कारण हिशेबात एक रुपयाचा फरक कधी आला नाही. ते गेले तेव्हा आमची सगळी चाळ चर्चमध्ये होती, कधी उभं राहायचं कधी बसायचं आम्हाला कळत नव्हतं, पुढच्या बाकावरची माणसं बघून करत होतो.

म्हणून ताई, उमेदवार म्हणून आरतीचं ताट हातात घेतलंत तर आम्हाला पण ते खोटं दिसतं, हे लक्षात घ्या. मतांसाठी टोपी घालणारे, मतांसाठी केक कापणारे, मतांसाठी ताट धरणारे सगळे आम्ही बघितलेत. तुम्ही या, खुर्चीवर बसा, मंडपामागचं गटार तुंबतं त्याचं बोला. लोक ते लक्षात ठेवतात.

आणि ऑफिसातल्या त्या वळणाऱ्या मानांबद्दल मला आमच्या बाजूने खरंच वाईट वाटलं. ह्यावर तुम्ही काही करायची गरज नाही, शेजारी बसणाऱ्यांनी करायची आहे.

नको_ते_सर्टिफिकेट

सगळे उभी राहा उभी राहा म्हणतायत म्हणून मी उलटं लिहितो. ताई, राजकारणात जा, जरूर जा, पण त्या पार्टीतून नको.

ज्युलिओ रिबेरो मुंबईचे पोलीस कमिशनर होते, १९८६ मध्ये पंजाब पेटलेला असताना तिकडचे पोलीस महासंचालक म्हणून गेले, गोळ्या खाल्ल्या, पद्मभूषण मिळालं. त्या माणसाला २०१५ मध्ये पेपरात लिहावं लागलं की ख्रिश्चन म्हणून स्वतःच्या देशात अचानक परकं वाटायला लागलंय. स्टॅन स्वामी, आदिवासींसाठी काम करणारे जेझुइट फादर, वय ८४, एल्गार परिषद खटल्यात अटकेत, कोर्टात काही सिद्ध झालेलं नव्हतं, जामिनाची वाट बघत ५ जुलै २०२१ ला आपल्या वांद्र्यातल्या हॉस्पिटलात वारले. ज्या लोकांना ह्याबद्दल अवाक्षर काढावंसं वाटलं नाही, ज्यांचे नेते तुझ्याच भाषेत सांगायचं तर पोटात कालवेल असं बोलतात, त्यांच्या पोस्टरवर तुझा हसरा फोटो लागणार. आणि उद्या कोणी बोललं की पार्टी म्हणणार, कसं काय, आमच्याकडे ख्रिश्चन नगरसेविका आहे की. तुझं गटाराचं चांगलं काम त्यांच्या भाषणाला झाकण म्हणून वापरलं जाईल.

धर्मांतराचं म्हणाल तर आपल्या कॅनन लॉमध्येच, ७४८ मध्ये, जबरदस्तीने कोणाला कॅथलिक करायला मनाई आहे. सुप्रीम कोर्टाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस केसमध्ये सांगितलं की धर्म सांगायचा हक्क आहे, दुसऱ्याला बदलून घ्यायचा हक्क नाही. मग दोन्हीकडे जबरदस्ती नकोच असेल तर आपल्यावर संशय कशाचा?

आणि माझं आपल्या चर्चशी पण भांडण आहे हे लिहितो, नाहीतर एकांगी होईल. मी मराठवाड्यातून आलेल्या दलित ख्रिस्ती घरातला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना ठेवला, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, आम्ही बाहेरच. शेजारच्या घरात तीच जात, तीच गरिबी, त्यांना शिष्यवृत्ती आणि आम्हाला नाही. ह्याच्यावर बोलायला मुंबईतल्या मोठ्या चर्चमधली किती माणसं रस्त्यावर येतात? क्रूस तोडला की मेणबत्त्या घेऊन येतात, बरोबरच आहे, यायलाच पाहिजे. पण आमच्या पोरांच्या फॉर्मसाठी कोण येतं? ताई, तू नगरसेविका झालीस तर फक्त गावठाणाची होऊ नकोस, वॉर्डातल्या झोपडपट्टीतल्या ख्रिस्त्यांची आणि सगळ्यांचीच हो. फक्त आपल्या माणसांसाठी राजकारण करायचं असेल तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय उरला.

संडेस्कूलवाली

दादा, शेवटचा परिच्छेद मी रविवारच्या वर्गात मोठ्या मुलांना वाचून दाखवणार आहे, चालेल ना? पार्टीबद्दल मात्र मी एवढं ठामपणे नाही म्हणणार नाही. आत राहून बोलणारं कोणीतरी लागतं. पण ते आत बोलू देतात का हे आधी कळायला पाहिजे.

जांभळी_छत्री

सगळ्यांचे आभार, रात्री नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. खजिनदार दादा, जिन्यात बसणाऱ्या काकांचं वाचून मला आरतीचं उत्तर मिळालं, आता त्याची काळजी नाही. सर्टिफिकेटवाल्या दादांनी पोस्टरचं लिहिलं तेच मला इतके दिवस टोचत होतं आणि मला नीट सांगता येत नव्हतं. पार्टीच्या मोठ्या माणसाबरोबर या आठवड्यात भेट आहे. काय विचारू? आणि सभागृहात मला पटलं नाही तर विरुद्ध मत देता येतं का? कौन्सिल सोडावं लागेल का? कायद्याचं कोणाला माहीत असेल तर सांगा ना.

कोर्टनाका

कायद्याचं मी सांगते, वकिली करते.

विरुद्ध मत देता येतं, पण किंमत आहे. स्थानिक संस्थांच्या सदस्यांच्या अपात्रतेचा १९८६ चा महाराष्ट्राचा कायदा महापालिकेला लागू आहे. पार्टीच्या चिन्हावर निवडून आलात आणि पार्टीने व्हिप, म्हणजे असंच मत द्या असा आदेश, काढला आणि तुम्ही तो मोडलात तर नगरसेवकपद जाऊ शकतं. म्हणून विवेकाचा प्रश्न निवडून आल्यावर नाही, तिकीट घ्यायच्या आधी सोडवायचा. महापालिकेत रोजची कामं रस्ते, पाणी, विकास आराखडा, दवाखाने, स्मशान आणि दफनभूमी अशी असतात, त्यातल्या बहुतेकांत विवेकाला त्रास होत नाही. पण नामकरणं, अनधिकृत म्हणून पाडायची प्रार्थनास्थळं, मांसविक्रीची बंदी हे विषय येतात आणि तिथे व्हिप निघू शकतो. भेटीत सरळ हेच विषय काढा. अमुक ठराव आला तर मी गैरहजर राहिले किंवा विरोध केला तर चालेल का, असं विचारा आणि उत्तर देताना समोरचा माणूस किती वेळ घेतो ते बघा. नेत्यांच्या त्या भाषणांबद्दल पण विचारा, मला पत्रकाराने विचारलं तर मी ते चूक आहे असं सांगणार, तुम्हाला मान्य आहे का. नाही म्हणाले तर अपक्ष उभं राहता येतं, कठीण असतं, पण गावठाणात तुमचं काम लोकांनी बघितलंय आणि अपक्षाला व्हिप नसतो.

प्रचाराचं. धर्माच्या नावाने मत मागणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचरण धरलं जातं, हा कायदा लोकसभा-विधानसभेचा, पण महापालिकेच्या आचारसंहितेतही ते चालत नाही. ह्यावरचा सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल, २ जानेवारी २०१७, सात न्यायाधीशांचा, तो मुळात आपल्या सांताक्रूझच्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीतून निघालेला होता, अभिराम सिंग केस. कोर्टाने चार विरुद्ध तीन असं ठरवलं की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्माच्या नावाने पण मत मागता येणार नाही. तेव्हा पप्पांना सांगा, आपली मुलगी आहे, कॅथलिकांनी मत द्या, असा एकही मेसेज चर्चच्या ग्रुपवर नको, प्रेमाने पण नको. १९८८ चा धार्मिक संस्थांच्या गैरवापराचा कायदा वेगळा आहे, चर्चच्या आवारात, हॉलमध्ये प्रचाराची मीटिंग घेतली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पत्रकावर चर्चचा फोटो नको, फादरबरोबरचा नको. मिस्सानंतर गेटवर पत्रकं वाटायला उभं राहायचं झालं तर आवाराच्या पूर्ण बाहेर, रस्त्याच्या पलीकडे, आणि खरं सांगायचं तर मी असते तर तेही केलं नसतं, त्या दिवशी माणसं देवासाठी आलेली असतात.

कौन्सिल सोडायला कायदा सांगत नाही, पण सोडा. तिकीट नक्की झालं की फॉर्म भरायच्या आधी फादरना दोन ओळींचं पत्र द्या, त्याची पोच घ्या. नंतर कोणी तक्रार केली तर ते पत्र फादरना पण वाचवेल आणि तुम्हाला पण. म्हाताऱ्यांच्या ताडपत्र्यांचं काम कौन्सिलशिवाय करता येतंच.

फॉर्मबरोबर प्रतिज्ञापत्र लागतं, मालमत्ता, कर्ज, गुन्हे सगळं, नवऱ्याचं आणि मुलीच्या नावावरचं पण. वसईच्या घरात नवऱ्याचा हिस्सा असेल तर त्याचा सातबारा आत्ताच काढून ठेवा. महापालिकेची कुठलीही बिलं थकलेली नकोत. मतदार यादीत तुमचं नाव कुठल्या प्रभागात आहे तेही आजच तपासा, गावठाणात एकाच घरातली नावं दोन-दोन याद्यांत पडलेली मी बघितलीत. भेट झाली की इथे लिहा, काय म्हणाले ते.